भुवईवरची खूण

सैदापेट, चेन्नई
गुरुवार, १२ जून २०२५

प्रिय संयुक्ताक्का,

नमस्कार. तुझा पत्ता वसंताआत्याकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस, मीच पिच्छा पुरवला. तेरा वर्षांत एक फोनही न केलेल्या भावाचं पत्र तू न फोडताच टाकशील, या भीतीनं पाकिटावर माझं नाव घातलेलं नाही. माझं मराठी आपलं घरातलं, तंजावरचं. तुमच्या पुण्यात चालेलसं नाही. सांभाळून घे.

इकडे सर्व क्षेम. मी अजून विमा कंपनीतच आहे. शनिवार-रविवार लोकांचे फोटो काढतो. पेरुंगुडीच्या कंपन्यांतली पोरं-पोरी येतात, कुणाला नोकरीसाठी हवा असतो, कुणाला स्थळांना पाठवायला. फोटो काढायला दहा मिनिटं लागतात, बाकीच्या कामाला अख्खा दिवस. भाड्याचा कोट पाठीमागून टाचण्यांनी आवळायचा, कपाळाचं तेल टिपायचं, थर्मोकोलचा पांढरा तक्ता धरून गालावर उजेड टाकायचा. मग संगणकावर बसून मुरुम काढा, डोळ्यांखालचं काळं पुसा, दात उजळा. रंजनी म्हणते, मी लोकांना घासूनपुसून फडताळात ठेवतो. रंजनी म्हणजे माझी बायको. तिला तू पाहिलेलं नाहीस, आणि तिनंही तुला.

अप्पांच्या डाव्या डोळ्याचं सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, अण्णा नगरात. मंगळवारी सकाळी पट्टी निघेल. काळजीचं काही नाही. उजव्या डोळ्याचं नंतर.

तुझ्याकडे आईचा एखादा फोटो आहे का? असला तर मोबाइलवर पाठव. मंगळवारच्या आत पाठव. नंबर पाकिटात चिठ्ठीवर लिहिला आहे.

का, म्हणून विचारशील. २०१५ च्या डिसेंबरात अड्यार नदी आपल्या तळमजल्यात शिरली ते तू टीव्हीवर पाहिलं असशील. आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे होतो. तिसऱ्या दिवशी खाली आलो तर आल्बमचा लगदा झाला होता. आईला कॅमेऱ्याचं वावडं, तुला ठाऊकच आहे. लेन्स दिसली की पदर तोंडावर. होते ते चार-पाच फोटो, तेही गेले. एक तेवढा हाती लागला, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. त्यात वेणी होती, मल्लीची फुलं होती, कानातली तोडं होती, आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. अप्पा तो कागद पंख्याखाली धरून बसले होते. अख्खा दिवस. पाणी सुकलं की आई परत दिसेल असं त्यांना वाटत होतं.

तेव्हा मी म्हणालो, मी करतो नीट.

नातेवाइकांना विचारलं. कुणाच्या लग्नात ती वाढताना वाकलेली, कुठे पाठमोरी. तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तुझ्याशी बोलायला मला तोंड नव्हतं. महिनाभर खपून मी फोटो तयार केला, मोठा करून चौकटीत बसवला. अप्पांचा चष्मा पुरात गेला होता. ते चौकटीला नाक लावून उभे राहिले आणि म्हणाले, "डोळे तिचेच." मग रडले. आई गेली तेव्हाही रडले नव्हते, तू तिथं होतीसच.

गेली साडेनऊ वर्षं रोज सकाळी आंघोळ झाली की ते त्या फोटोसमोर खुर्ची घेऊन बसतात. नवा चष्मा केला तोवर मोतीबिंदू सुरू झाला होता, त्यामुळे चेहरा त्यांना कायम धूसरच दिसला. कॉफी, रेडिओवरच्या बातम्या, माझ्याबद्दलच्या तक्रारी, सगळं तिला सांगतात. रंजनी दर शुक्रवारी माळ बदलते.

अक्का, तो चेहरा आईचा नाही. तुझा आहे.

तुझ्या लग्ननिश्चयाच्या दिवशी सकाळी गच्चीवर मी तुझा काढलेला फोटो आठवतो? माझा पहिला धड फोटो तोच. तू हसली नव्हतीस. तोच चेहरा घेतला. भुवया बारीक केल्या, नाकाशेजारी आईचा तीळ ठेवला, ओठ जरा वर ओढले. आणि उजव्या भुवईवरची खूण पुसली. लहानपणी मीच तुला झोपाळ्यावरून ढकललं, तीन टाके पडले, ती. ती पुसताना मला काहीच वाटलं नाही, कारण मी रोज तेच करतो.

जिवंत बहिणीच्या फोटोला मी माळ घातली आहे. दिवा लावला आहे. दर शुक्रवारी रंजनी माळ घालते तेव्हा मी काहीतरी कारण काढून बाहेर जातो.

अजून एक सांगायचं आहे, ते याहून वाईट. मोतीबिंदू पिकलाय असं डॉक्टर दोन वर्षांपूर्वीच म्हणाले होते. मी टाळत गेलो. आधी साखर वाढलीय म्हणालो, मग उन्हाळा, मग रजा नाही. अप्पांना दिसू लागलं तर ते फोटो बघतील, एवढंच माझ्या डोक्यात. मार्चमध्ये कॉफी ओतताना त्यांचा हात भाजला. तरी मी गप्प. शेवटी रंजनीनंच परस्पर तारीख घेतली.

गप्प बसणं मला जमतं हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्या सकाळी गच्चीवर तू सांगितलंस, विजू, मला हे लग्न नको. मी म्हणालो, मी बोलतो अप्पांशी. आणि खाली हॉलमध्ये शंभर माणसांसमोर तू एकटी उभी राहिलीस तेव्हा मी कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होतो. अप्पा म्हणाले, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. तेच तोंड मी त्यांच्यासमोर टांगून ठेवलं.

म्हणून फोटो हवा आहे. मंगळवारच्या आत खरी आई भिंतीवर लावली की कुणाला काही कळणार नाही.

मंगळवार, १७ जून

वरचं पत्र कुरियरला दिलंच नाही. शुक्रवारी दुकानापर्यंत जाऊन परत आलो. पुन्हा एकदा पुसापुशीच करायला निघालो होतो, आणि या खेपेला तुलाही कामाला लावून. माझी मलाच लाज वाटली. आज जे झालं ते तुला सांगायलाच हवं, म्हणून पुढं लिहितो.

सकाळी दवाखान्यात पट्टी काढली. अप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "केस किती पिकलेत रे तुझे." रिक्षात काळा चष्मा लावून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते, तमिळ, इंग्रजी, सगळ्या. काल संध्याकाळी फोटो उतरवून काच फुटली म्हणून सांगावं असं मनात आलं होतं, खिळ्यापर्यंत हातही गेला होता. उतरवला नाही.

घरात शिरल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि सरळ फोटोपुढं गेले. चष्मा काढला. रंजनी म्हणाली, "अप्पा, चष्मा काढायचा नाहीं म्हणालेत डॉक्टर." त्यांनी ऐकलंच नाही. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी दारातच होतो, आत जायचा धीर होईना.

मग त्यांनी हात वर करून माळ काढली. भाजलेला हात. माळ नीट गुंडाळून रंजनीच्या हातात दिली. काचेवरचं कुंकू धोतराच्या सोग्यानं पुसलं, समई विझवली.

"विजू, जित्या माणसाला माळ घालतात कां रे?"

मी सगळं सांगितलं. दोन वर्षं ऑपरेशन टाळल्याचंही. ते ओरडतील, हाकलून देतील, कशालाही मी तयार होतो. त्यांनी फक्त आपला हात उलटा करून भाजल्याचा डाग पाहिला. मग खुर्ची ओढून रोजच्यासारखे समोर बसले. रंजनी स्वयंपाकघरात रडत होती.

अप्पा म्हणाले, "तिच्या भुवईवर खूण होती. ती कुठं गेली?"

"मी पुसली."

"परत घाल."

दुपारी बसून घातली. जुन्या फाइलमध्ये होती तशीच. तीळ काढला, ओठ होते तिथं आणले. आता तू हसत नाहीस. अप्पांना दाखवला. त्यांनी नुसती मान हलवली.

मग म्हणाले, "तुझ्या आईचा एक फोटो तिच्याकडे आहे. ती घर सोडून गेली त्या दिवशी आल्बममध्ये फोटो अडकवायचे चार कोपरे रिकामे होते. मी पाहिलं होतं, बोललो नाहीं. तिला लिही, घेऊन ये म्हणावं." मी म्हणालो, मोबाइलवर लगेच मागवतो. तर माझ्यावर खेकसले, आज पहिल्यांदाच. "मोबाइल नको. पोस्टानं नको. तिनं स्वतः आणायचा. लिही तसं."

तसंच लिहिलं आहे, अक्का. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, पण डाव्यानं त्यांना आता दारापर्यंत स्वच्छ दिसतं. खुर्ची त्यांनी आज तिकडे वळवून ठेवली आहे.

या खेपेला तुझ्या शेजारी उभा राहणारा,
विजयेंद्र