चिमूटभर चूर्ण आणि सदरची सभा

आयुष्मती बायजाआत्यास नागसेनचा जयभीम.

गुडघ्यांनी दगा दिलेल्या आणि डॉक्टरांनी तीन मिनिटांत "वय झालं" म्हणून घरी पाठवलेल्या तमाम मायबापहो! (आत्या, पत्र तू एकटीच वाचणार हे ठाऊक आहे, पण समोर सभा आहे असं समजल्याशिवाय माझा पेन चालत नाही.) तुमचा राग रास्त आहे. पण त्यापायी बिनलेबलाचं चूर्ण खाणं म्हणजे बस चुकली म्हणून रुळावर झोपणं!

पोटातली कळ थांबली का? तुझ्यापायी तुझ्या सुनेनं, भावनानं, वरणातली मिरची बंद केली, मग फोडणी, आता डाळही बदलली म्हणे. बिचारीचं फक्त पाणी बदलायचं राहिलं आहे.

सदर भागातल्या माझ्या सभेत तू तिसऱ्या रांगेत होतीस, तरी माझी बाजू ऐक. "निसर्गाचं ते निर्धोक, हे साफ खोटं! शिसंही निसर्गातच सापडतं!" एवढं गर्जलो आणि गळाच बसला. तू तरातरा मंचावर आलीस, "काहून एवढा बोंबलून राहिला गा?" म्हणत पिशवीतून गुडघ्याच्या चूर्णाची पुडी काढलीस आणि मधात कालवून माईकसमोरच माझ्या तोंडात कोंबलंस. गळा मोकळा झाला (मधानं, आत्या, मधानं!). टाळ्या मात्र चूर्णाला पडल्या. नंतर माझी पुस्तिका दोघांनी घेतली. तुझ्या वैद्यबाबाचा पत्ता चौदा जणांनी.

उरलेली पुडी मी प्रयोगशाळेत दिली. शिसं मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. त्यावर फोनवर तुझं उत्तर काय, तर "मंग? लोखंडाच्या कढईतली भाजी खात नाही का तू? धातूनं हाडं पक्की होतेत!" आत्या, कढई धातूची आणि बंदुकीची गोळीही धातूचीच. यातलं पोटात काय घ्यायचं, एवढं तरी बघ! तीन वर्षं तू ते रोज दोन वेळा खातेस. ही कळ वरणाची नसून शिशाची असू शकते. अंगात किती साचलं ते रक्तच सांगेल, आणि वेळीच कळलं तर इलाज आहे.

तुझा,
नागसेन

ता. क. भावनाला सांगू नकोस, पण त्या दिवसापासून त्याच पुडीतलं थोडं डबीत ठेवून प्रत्येक भाषणाआधी मीही गुपचूप चिमूट घेत होतो. रिपोर्ट आल्यावर डबी फेकली.

पुन्हा ता. क. रक्त द्यायला मी दोनदा गेलो आणि सुई पाहून दोनदा पळालो. सोमवारी सकाळी नऊपर्यंत कामठीहून ये, मला दंडाला धरून दवाखान्यात ने आणि माझ्याआधी तू रक्त दे.