तुमच्या भावाची बसकी गाडी

ती. ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार खरा आहे. पुढे तुमच्या भावाबद्दल जे लिहिणार आहे, त्याचा राग नमस्कारावर काढू नका.) तुमची कंबर आता कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून पाहुण्यासारखा ठाण मांडून बसलाय? इकडे बाबा खुशाल, मी बरी, आणि तुमच्या भावाची गाडी आजारी. तुम्ही फोनवर म्हणालात की खुब्याच्या ऑपरेशनपासून बाबांनी उंबरठा ओलांडलेला नाही, आम्ही त्यांचा कोंडवाडा केलाय, म्हणून येत्या रविवारी येऊन त्यांना कायमचं तुमच्याकडे नेणार. खोलीही रिकामी करून ठेवली आहे. कोंडवाडा हा शब्द मला फार लागला, पण ते असो. आधी गाडीचं ऐका, कारण ती म्हणे बाबांसाठीच घेतली आहे.

तुमचा भाऊ भूगोल शिकवतो. त्याने आजवर जेवढ्या नद्या ओलांडल्या, त्या सगळ्या भिंतीवरच्या नकाशात आणि हातात छडी धरून. अशा माणसाने डोंगर चढणारी, गुडघाभर पाण्यातून जाणारी, श्रीमंतांनी वापरून टाकलेली गाडी घेतली. ती इतकी पळलेली आहे की तिच्याइतकं तुमचा भाऊ बसल्या जागी बोललासुद्धा नसेल, आणि त्याचं बोलणं तुम्हाला ठाऊक आहे. विकणाऱ्याने सांगितलं की आधी एका डॉक्टरांकडे होती. (जुन्या गाड्यांच्या बाजारात डॉक्टर सोडून कोणी गाडी चालवतच नाही, आणि तेही फक्त रविवारी.) घरी आणून खालचे गालिचे उचलले तर बोटभर वाळलेला चिखल निघाला. हे डॉक्टर रोगी तपासायचे की म्हशी, कोण जाणे. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना काचा बदलून बदलून विचारते, आता बरं दिसतंय का, आणि माझ्याच घरातल्या माणसाला दिवसाढवळ्या हत्ती दिसला नाही, फक्त अंबारी दिसली. चामड्याच्या गाद्या, छताला उघडणारी काच, आणि इतकी बटणं की कुठलं कशाचं हे गाडीलाही आठवत नाही. खिडकीचं बटण दाबलं की वायपर फिरतो. गाडी खाली उतरवायचंही एक बटण आहे, ते दाबलं की रेडिओ लागतो.

आता बाबा. जन्मभर बस चालवलेला माणूस, उभ्या आयुष्यात कोणाच्या हाताचा आधार घेतला नाही. खुब्यामुळे पाय वीतभराच्या वर उचलता येत नाही आणि कोणी उचलू लागलं तर रागावतात. मागे दवाखान्यात नेताना दोघांनी उचलून गाडीत ठेवलं, तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं की मी काही सामान नाही, यापुढे मला कुठे न्यायचं नाही. अशा माणसासाठी तुमच्या भावाने जी गाडी आणली, तिचं आसन बाबांच्या छातीला लागतं. मग स्वयंपाकघरातलं स्टूल आणून त्याने गाडीपाशी ठेवलं. बाबांनी गाडीकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, मुलाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि आत जाऊन पेपर उघडला. मला वाटलं, उरकलं. आता बसा गालिचे झटकत.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तर गाडी पोटावर बसलेली. चाकं जवळजवळ अंगात गेलेली. या थोरामोठ्यांच्या गाड्यांना म्हणे स्प्रिंगा नसतात, हवेने भरलेले रबरी फुगे असतात, आणि आपल्या गाडीचे फुगे म्हातारे झालेले. इंजिन चालू केलं की पंप हवा भरतो आणि गाडी उठते. बंद केलं की तीन-चार तासांत हवा सोडून बसते. तुमचा भाऊ अंगणात उभा राहून विकणाऱ्याला फोनवर शिव्या देत होता. (शिव्याही भूगोलाच्या. कुठल्या तरी दलदलीचं नाव घेतलं.) तेवढ्यात बाबा काठी टेकत आले. त्यांनी गाडीचं दार उघडलं, पाठ फिरवली, टेकले, आणि एकेक पाय आत घेतला. कोणी हात लावला नाही. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. मग तुमच्या भावाने इंजिन सुरू केलं आणि गाडी बाबांना घेऊन हळूहळू उठली. खिडकीतून बाबा आधी माझ्या कमरेकडे बघत होते, मग तोंडाकडे, मग माझ्या डोक्यावरून पलीकडे. ताई, ते हसले. ऑपरेशननंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

बाजार झाला, पूल झाला, जुना बस डेपो झाला. परत आलो आणि अडचण कळली, की गाडी बसल्याशिवाय बाबांना उतरता येत नाही. त्यांना त्याचं काही नव्हतं. पेपर मागवला, जेवणाचं ताट मी खिडकीतून दिलं. डेपोतले जुने कंडक्टर खिडकीशी येऊन उभे राहिले आणि त्यांचं जे सुरू झालं, ते गाडी बसली तरी संपेना. मग रोजचंच झालं. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, बसली का? (घरात मीही असते, मी बसले का उभी, हे कोणी विचारत नाही.)

एवढं सुरळीत चाललंय म्हटल्यावर तुमच्या भावाला राहवेल कसं? त्याने गाडी दुरुस्तीला काढली. मेकॅनिक म्हणजे एक दीडशहाणा. गाडीला लॅपटॉप जोडतो, पडद्याकडे बघून मान हलवतो, आणि दर वेळी नवाच रोग सांगतो. त्याने चारही फुगे नवे घातले. गाडी आता ताठ उभी राहते, सकाळीही आणि संध्याकाळीही. तुमचा भाऊ बाबांना बाहेर घेऊन आला, दाखवायला. बाबांनी छातीएवढ्या आसनावर हात ठेवला, चांगली झाली म्हणाले, आणि आत गेले. त्यानंतर बाहेर आलेले नाहीत.

तेव्हा तुमचंच बरोबर. रविवारी या आणि बाबांना घेऊन जा. जाताना भावाला गाडी विकायला सांगा. माझं ऐकायला त्याला कान नाहीत, तुमचं ऐकतो. कळावे. लोभ होता, तेवढा असू द्या.

तुमची भावजय

ता. क. पाकीट दोन दिवस पर्समध्येच राहिलं. काल दुकानातून सुट्टी काढून मी गाडी मेकॅनिककडे नेली आणि जुने फुगे परत बसवून द्या म्हटलं. तो लॅपटॉप मिटून म्हणाला, "बाई, गाडी बिघडवून द्या म्हणून आजवर कोणी आलं नाही." मी म्हटलं, "तुम्ही न सांगता बिघडवता. मी सांगून बिघडवून घेतेय, एवढाच फरक." आज सकाळी गाडी बसली आहे. तुमचा भाऊ डोकं धरून मेकॅनिकच्या नावाने खडे फोडतोय. त्याला यातलं काही कळू देऊ नका. आणि गाडी विकायचं वर लिहिलंय, ते खोडायचं राहिलं, तुम्हीच खोडा.

ता. क. २. रविवारी न्यायला येऊ नका. बाबाच तुमच्याकडे येताहेत, पुढच्या सीटवर बसून. फाटकासमोरची जागा मोकळी ठेवा, आणि ते आले की हात धरायला धावू नका. तीन-चार तास ते गाडीतच बसतील. चहा खिडकीतून द्या, भावोजींना गप्पा मारायला उभं करा. गाडी बसली की आपले आपण उतरतील आणि तुमच्या घरात चालत येतील. रिकामी केलेली खोली त्यांना दाखवू नका. संध्याकाळी ते आमच्याबरोबर घरी येणार आहेत.