खोडलेलं उणे

औलू, ४ नोव्हेंबर २०२३

प्रिय इल्पो,

तू आणि सिर्पा ठीक असाल. माझा गुडघा कुरकुरतो, बाकी बरं आहे. रस्ते निसरडे झालेत, पण सायकल अजून सोडलेली नाही.

ग्रंथालयात सध्या जुनी पुस्तकं काढायचं काम चाललंय. कॉम्प्युटर ग्राफिक्सचं कपाट माझ्या गळ्यात पडलं, कारण "रेयोला त्यातलं कळतं". कळतं खरं. अमुक ग्राफिक्स कार्डाला आज्ञा कशी द्यायची, ती पानं मेली. ती कार्डंच भंगारात गेली. पण रेघ कशी ओढायची, उजेड कुठून पडतो, वस्तू फिरवली की काय दिसतं, ते शिळं होत नाही. या मापाने मी तुझ्या पुस्तकापेक्षा जुनी पुस्तकंसुद्धा वाचवली.

तुझं चौऱ्याण्णव सालचं नाही वाचवलं. त्यावर 'रद्द'चा शिक्का मीच मारला आणि दाराजवळच्या फुकटच्या फळीवर ठेवून दिलं. जुनं झालं म्हणून नव्हे.

मंगळवारी तूली नावाची विद्यार्थिनी तेच घेऊन माझ्यापुढे उभी. "हे का काढलंत? उजेडाचं प्रकरण आमच्या बाईंपेक्षा सोपं करून सांगितलंय! फक्त सातव्या प्रकरणातल्या सूत्रात एक उणे चिन्ह राहिलंय. त्यावरून पडद्यावर घर काढलं तर पुढची भिंतच गायब, आतलं सगळं उघडं. लेखकाला एवढंही कळू नये?"

"होतं असं," मी म्हणालो आणि गप्प बसलो. इल्पो, पुन्हा गप्प बसलो.

तुझ्या हस्तलिखितात ते उणे होतं. तू ते मला तपासायला दिलंस आणि मी, गणिताचा दीडशहाणा, ते उणे खोडलं. वहीत उंची खालून वर मोजतात, पडद्यावर वरून खाली. तू ते धरलं होतंस, मी विसरलो. मग लोकांनी तुझं उणंदुणं काढलं, प्रकाशकाने दुसरं पुस्तक नाकारलं. त्या उन्हाळ्यात तुमच्या सौनात तू मलाच म्हणालास, "माफ कर रे, तू एवढं तपासलंस तरी माझी चूक राहिलीच."

मी काय केलं? तापल्या दगडांवर आणखी एक डाव पाणी ओतलं. वाफेत तोंड दिसत नाही.

पुढे तुमच्याकडे यायचं मी टाळत गेलो. तुझी फजिती झाली म्हणून टाळतो, असं तुला वाटलं असणार. ते आठवलं की माझी मलाच किळस येते.

काल तूलीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगताय? त्यांना सांगा ना!"

सोबत तुझं मूळ पान आहे. एकोणतीस वर्षं माझ्या खणात पडून होतं. फाडायची हिंमत झाली नाही, परत द्यायचीही नाही. माझ्या पेन्सिलीची रेघ त्यावर स्वच्छ दिसते. हे पत्र हवं तर चुलीत घाल, ते पान मात्र सिर्पाला दाखव. तू बरोबर होतास.

तुझं बरोबर खोडणारा,
रेयो