सोबत्यास प्रवेश मोफत

ती. वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त कागदावरच वाकते).

तुमची पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का, की अजून पाहुण्यासारखा मुक्कामाला आहे? इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक, असं लिहिणार होते. पण देवाला खोट्यात कशाला ओढा? त्याच्याकडे माझ्या नावावर आधीच बाकी आहे. ती कशी झाली, तेच लिहिते. (पत्र शुद्धलेखनासाठी नेहमीप्रमाणे तुमच्या भावाला दाखवीनच.)

इथल्या संग्रहालयात नवं दालन उघडलंय. तिथे सगळं हाताळायचं, हुंगायचं, कान लावून ऐकायचं. जन्मभर ‘हात लावू नये’ वाचून हात आखडलेले, म्हणून म्हटलं, बघून येऊ. तर तिकिटाच्या खिडकीवर पाटी, ‘दृष्टिहीनांना व सोबत्यास प्रवेश मोफत.’ वन्सं, मी पडले हिशेब ठेवणारी बाई. स्कूटरवर धुळीसाठी लावतात तो काळा चष्मा यांच्या डोळ्यांवर होताच. मी फक्त त्यांचा हात धरला (चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदाच). हे पुटपुटले, “काय हा चावटपणा!” पण हात काही सोडवून घेतला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आत एक गोड बोलणारी बाई होती. डोळस सोबत्यांनाही गंमत कळावी म्हणून तिने माझ्याच डोळ्यांवर पट्टी बांधली. मी आपली देवाचं नाव घेत चाचपडत निघाले. एक मूर्ती लागली. पोट चांगलं सुटलेलं, देवच असणार म्हणून भक्तिभावाने दोन्ही हात फिरवले आणि नमस्काराला वाकले, तर मूर्ती म्हणाली, “ताई, मी पहारेकरी आहे.” पट्टी काढायची सोय नव्हती, म्हणून वाचले, त्याचं तोंड बघावं लागलं नाही.

तुमचे बंधू मात्र गाजले (मी पट्टीआडून नुसती ऐकत होते). नाण्याची कड चाचपून सांगतात, कापड अंगठ्याने ओळखतात, दगडी हत्तीच्या कानाला बोट लावून म्हणाले, इथे डागडुजी झालीय. त्या बाईने कौतुकाने विचारलं, “काका, किती दिवस झाले दिसत नाही?” हे पटकन म्हणाले, “वर्ष होऊन गेलं.” मी पट्टीआड पदर तोंडात कोंबला. म्हटलं, काय सोंग वठवलंय!

बाहेर आल्यावर दारावर हातभर अक्षरांत ‘पायरी सांभाळा’ लिहिलेलं. चष्मा खिशात ठेवून हे सरळ त्या पायरीवरून कोसळले, आणि उठून पायरीलाच शिव्या दिल्या. मग एकेक आठवायला लागलं. खुंटीवरच्या कोटाला ‘या, बसा’ म्हणाले होते. वर्षभर रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचतात आणि रोज एकच बातमी, महागाई वाढली. मला वाटायचं, सरकारच तसं आहे!

आणि वन्सं, याच डोळ्यांनी ते स्कूटर चालवतात आणि मी मागे बसून स्तोत्र म्हणते. येताना स्कूटर ढकलत आणायला लावली. पेट्रोल वाचवू म्हटलं. लगेच पटलं त्यांना. माझ्या चिक्कूपणावर जगाचा फार विश्वास आहे.

रात्री देवापुढे बसले खरी, पण खोटं बोलल्याची माफी मागावी की ते खरं निघाल्याची तक्रार करावी, हेच कळेना.

घरी सर्वांना यथायोग्य.

तुमची,
भावजय

ता. क. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की हे जेवणावरून उठतात. लहानपणापासून ते फक्त तुम्हालाच भितात. येऊन कान धरून न्या. खर्चाचा विचार करायचा नाही (हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितेय, अक्षर कापलंय ते त्यामुळे). मी कळवलं हे मात्र सांगू नका.

ता. क. २. पत्र आत्ता यांना दाखवलं. वाचायचा चष्मा लावून, मान डोलावत, सावकाश दोन्ही पानं वाचली. म्हणाले, “छान. एकही चूक नाही. ताईला तब्येतीचं विचारलंस, बरं केलंस.” दुसरं पान उलटं धरलं होतं.

मिळेल त्या गाडीने या.