कान कापलेली कुत्री

मांजरी, पुणे
१२ ऑगस्ट २०००

चि. पूर्वा हिस बाबांचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बंगळूरला भाताशिवाय काही मिळत नाही ही तक्रार वाचली. संगणकाची नोकरी तू हौसेने घेतलीस, आता सांबारही हौसेने खा.

इकडे सोसायटीत कुत्र्यांवरून रोज भांडणं. कॉलनी नवी, कचराकुंडी उघडी, बांधकामावरचं उरलंसुरलं रस्त्यात पडलेलं, त्यामुळे कुत्री वाढतच चालली. आपले चेअरमन बापूराव विषाचे लाडू टाकणारा माणूस आणायला निघाले होते. मी मीटिंगमध्ये उठून सांगितलं की मारून जागा रिकामी केलीत तर उसाच्या शेतांकडून दुसरी येतील, तीही अनोळखी. त्यापेक्षा हीच पकडू, जनावरांचे डॉक्टर आमोद यांच्याकडे नसबंदीचं ऑपरेशन करून घेऊ, रेबीजची लस टोचू आणि परत इथंच सोडू. पिल्लं थांबली की संख्या आपोआप उतरते.

लोक हसले. त्या भरात मी शब्द देऊन बसलो, की कॉलनीतल्या एकाही माणसाला यातलं कुत्रं चावलं तर विषाच्या ठरावावर पहिली सही माझी. बापूरावांनी ते तत्परतेने लिहून घेतलं. एरवी त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही.

सात कुत्री झाली. ऑपरेशनची खूण म्हणून डॉक्टर कानाचं टोक कापतात. राहिली एक काळी. रोज सकाळी प्रत्येक जिन्याची तपासणी करते म्हणून मी तिला मुकादमीण म्हणतो. सध्या ती पिल्लं घालून बसली आहे. पिल्लं दूध सोडतील तेव्हा तिला नेऊ. तुझी आई विचारते की एवढा उत्साह गळक्या नळाबाबत का दिसत नाही. मी हे पत्र लिहायला बसलो.

प्रकृतीस जप. माया आहेच, ती पत्रागणिक वाढू दे.

तुझे बाबा,
सीताराम


मांजरी
२५ ऑगस्ट २०००

माझ्या लाडक्या पूर्वास आईचा जयभीम.

बाई गं, हे पत्र बाबांना न सांगता लिहितेय. आपल्या जिन्यात फोन एकच, तो बापूरावांच्या बैठकीत. तिथून बोलावं तर अख्खं घर कान देऊन बसतं. बूथवरून केला तर तुझ्या हापिसातली बाई इंग्रजीत काहीतरी सांगून ठेवून देते.

परवा मुकादमीण बाबांना चावली. पिल्लांच्या जागेत पाणी शिरलं म्हणून हे गेले पिल्लं उचलून वर ठेवायला. ती आई, तिला काय माहीत यांच्या मनात काय आहे! उजव्या हाताला चांगले खोल दात लागलेत. घरी येऊन साबणाने खळखळून धुतलं, फडकं बांधलं, आणि विचारणाऱ्याला दाराची कडी लागली म्हणून सांगतात.

इंजेक्शनाला चला म्हणून पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. म्हणतात, केसपेपरवर ‘कुत्रं चावलं’ असं चढलं की मला सही करावीच लागेल आणि आठही जीव जातील. जन्मभर कारखान्यात स्टोअरकीपर होते ना, कागदावर चढलं नाही ते घडलंच नाही! शहरातल्या दवाखान्यात जाऊ म्हटलं तर म्हणे कागद तिथेही असतोच. कुत्री ठणठणीत आहे, दहा दिवस तिच्यावर नजर ठेवतो, ती जगली म्हणजे मला धोका नाही, हे यांचं गणित. आणि नाही जगली तर? असं विचारलं की पेपर उघडून बसतात.

मला फार भीती वाटते गं. कुत्री वाचावीत हे मलाही पटतं, पण त्यांच्यापायी मला माझा माणूस घालवायचा नाही. ते फक्त तुझंच ऐकतात. काहीतरी कर.

दारातल्या पोस्टमनकडे डोळे लावून बसलेली,
तुझी आई


बंगळूर
२९ ऑगस्ट २०००

ती. बाबांस सप्रेम जयभीम.

बाबा, आईवर रागावू नका. तिचं पत्र आज सकाळी मिळालं. ऑफिसच्या डॉक्टरांना लगेच विचारलं. तुमचं गणित साफ चुकलंय. इंजेक्शन आधी सुरू करायचं, कुत्रीवर नजर नंतर ठेवायची. हा रोग एकदा दिसायला लागला की त्यावर जगात कुठेही औषध नाही. सात कुत्र्यांना लस टोचताना त्यांचं मत विचारलं होतंत का? मग स्वतःचंच का विचारत बसलात?

वाद घालून मी तुम्हाला हरवलं असतं, पण पत्राला चार दिवस लागतात. म्हणून मी आत्ता बापूरावांना फोन केला. त्यांना सांगितलं की बाबांना कुत्रं चावलंय, असतील तसे उचलून दवाखान्यात न्या. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा सगळ्या कॉलनीला कळलेलं असेल. पुढे काय होणार हे मला माहीत होतं. तरी केला. माझ्याशी बोलणं बंद केलंत तरी चालेल बाबा, पण तुम्ही असायला हवे आहात.

तुमची माया आज मागायची हिंमत नसलेली,
पूर्वा


मांजरी
४ सप्टेंबर २०००

पूर्वास जयभीम.

बापूराव स्कूटरवरून घेऊन गेले. इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळी मीटिंग झाली. दोन-चार जण म्हणाले की जाऊ द्या, पिल्लांची आई होती. पण शब्द माझा होता. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे लाडूवाला येऊन गेला. उजाडलं तेव्हा सातही कुत्री जिन्यांच्या तोंडाशी पडलेली होती. ऑपरेशन झालेली, लस टोचलेली. मुकादमीण आपल्या दारासमोर होती. पिल्लं डॉक्टर आमोद घेऊन गेले. खड्डा मी खणला, डाव्या हाताने जमेल तसा.

आता नजर ठेवायला कुत्रीच उरली नाही, तेव्हा पूर्ण कोर्स घ्यायचा आहे. सुरुवातीला उशीर झाल्यामुळे दवाखान्यातले डॉक्टर छातीठोकपणे काही बोलत नाहीत. तुझी आई त्यांच्या तोंडाकडे बघत बसते.

सध्या अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

सीताराम


मांजरी
१२ नोव्हेंबर २०००

चि. पूर्वा हिस बाबांचा जयभीम व भरपूर आशीर्वाद. मागच्या खेपेला ते राहिले होते.

तुझी तीन पत्रं उत्तरावाचून पडली आहेत. कोर्स पूर्ण झाला. डॉक्टर म्हणाले, आता काळजी सोडा. आईने खीर केली, ती आधी त्यांना पोचवली आणि उरलेली मला दिली.

दिवाळीच्या आधीच उसाकडून नवी टोळी आली. एकही ओळखीचं नाही, कान सगळ्यांचे शाबूत. बापूरावांची सून या कुत्र्यांच्या भीतीने लूनावरून पडली. सुदैवाने खरचटण्यावर निभावलं. काल बापूराव घरी आले. बराच वेळ थंडीबद्दल बोलले. मीही थंडीबद्दलच बोललो. चहा संपल्यावर त्यांनी डॉक्टर आमोदांचा पत्ता मागितला. मी म्हटलं, पत्ता कशाला, तुम्ही स्वतःच चला की. उद्या पहिलं कुत्रं धरायचं आहे, पोतं त्यांच्या हाती. कामाला लागण्याआधी त्यांना लस टोचून घ्यायला लावली. सुई बघून त्यांनी डोळे गच्च मिटले. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, फक्त तिन्ही जिन्यांत सांगितलं.

पोरी, तुझ्यावर मी फार राग धरला. त्या आठांना आठवून आठवून धरला. पण या रोगात म्हणे माणसाला पाणी गिळता येत नाही. तुझी आई गेले दोन महिने माझ्या हातात पाण्याचा पेला देते आणि शेवटचा घोट उतरेपर्यंत समोरून हलत नाही. डॉक्टरांनी काळजी सोडा म्हटल्यावरही हलत नाही. मी आठ जीव मोजत बसलो होतो गं. तिला मी मोजलंच नव्हतं.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. घर तुझी वाट पाहतंय, आणि मीही.

तुझे बाबा