खजरान्याच्या पार्किंगमध्ये

प्रिय संहिता,

तुला एक आजी आहे, ती इंदूरला स्नेहलतागंजात राहते आणि अजून आहे, एवढं आठवण म्हणून कळवते. दिवाळी करून परत जाताना दर रविवारी फोन करीन म्हणालीस. रत्नागिरीत रविवार येत नसावेत. चष्म्याचं घर आणि एक पायमोजा इथेच विसरलीस. मोज्यात मी जपमाळ ठेवते, ऊबदार राहते.

मी सांगतेय आणि तुझे बाबा लिहिताहेत. मध्ये स्वतःचं शहाणपण घालायचं नाही, आई म्हणेल तेच लिहायचं, असं आधी कबूल करून घेतलंय.

तुझ्या आईचं प्लास्टर निघालं. मनगट मात्र अजून पुरतं वळत नाही. व्यायामाला रिक्षाने विजय नगरला जाते, येताना दमलेली असते. पोळ्या लाटते त्या एका बाजूला जाड होतात. बाबा जाड बाजू ताटात तशीच ठेवतात. मी ती खाते. तेवढंच.

तुला ठाऊकच आहे, शाळेतून निवृत्त झाल्यावर तुझी आई, आमची रमा, गाडी शिकली. साठाव्या वर्षी. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा लायसन घेऊन आली तेव्हा पेढे मीच वाटले, आणि शेजारच्या यशवर्धनला म्हटलंही, भिया, आता रस्त्यावर जरा सांभाळून. नवी गाडी आली तशी आम्ही दोघीच पूजेला खजरान्याच्या गणपतीला गेलो. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, सगळं यथासांग. पंडितजींनी लाल कापडात बांधलेला नारळ दिला. रमा म्हणाली, आई, डिक्कीत ठेवू. मी म्हटलं, देवाचा नारळ काय स्टेपनीशेजारी ठेवतेस, पुढे काचेपाशी ठेव.

पुढचं तू ऐकलं आहेस. पार्किंगमधून निघताना रमाचा पाय चुकला, ब्रेकऐवजी दुसऱ्यावर पडला, गाडी दिव्याच्या खांबाच्या ओट्यावर आदळली. वेग इतका कमी की गाडीतले ते फुगेसुद्धा उघडले नाहीत. मला कपाळावर टेंगूळ, तिचं डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. पार्किंगवाला म्हणाला, माताजी, लेडीज लोगों को चाबी देते ही क्यों हो. यशवर्धन म्हणाला, भाभीने तो पहले ही दिन भूमिपूजन कर दिया. सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसले. बाबांनी किल्ली कपाटात ठेवली, आणि तूही फोनवर आईला म्हणालीस, आता पुरे कर ना. ती हो म्हणाली.

संहिता, तिचा पाय चुकला नव्हता.

वळताना नारळ काचेपासून घरंगळला आणि थेट तिच्या पायाशी पडला. ती म्हणाली, राहू द्या आई, गाडी थांबवते, मग उचलते. पण देवाचा नारळ पायाशी, आणि मी बघत बसू? पट्टा सोडला, वाकले, आणि माझ्या चालायच्या काठीच्या मुठीने तो ओढायला गेले. काठी कुठे टेकली मला कळलं नाही. गाडीला कळलं. खांब समोर आला तशी तिने एका हाताने चाक धरलं आणि दुसरा माझ्या छातीवर आडवा टाकला. माझ्या अंगाखाली तो हात पुढच्या फळीवर चेपला. आवाज मी ऐकला.

इथे लेखणी थांबली आहे. लिही रे लक्ष्मीकांता, कबूल केलं आहेस.

डॉक्टरांनी विचारलं, आजींचा पट्टा सुटला कसा, इतक्या हळू गाडीत एवढं कसं लागलं. रमा म्हणाली, मीच सोडला, उतरायचंच होतं. मी गप्प. घरी म्हणाली, माझाच पाय चुकला. मी गप्प. खरं कळलं तर मला पुन्हा कुणी काठी हातात देणार नाही, बाहेर नेणार नाही, म्हणून रमा तसं बोलली असेल. मला वाटलं होतं, दोन दिवसांनी सांगीन. मग चार झाले. मग हसून झालं, आणि हसल्यावर सांगायचं तोंड राहत नाही. ब्याऐंशी वर्षांच्या बाईने सुनेच्या मोडक्या हाताआड लपावं, याची लाज कशी असते ते मला दर पोळीला कळतं.

रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार आहे. आज सकाळी रमा एका हाताने तीच गाडी पुसत होती, त्याला चांगली दिसावी म्हणून. ते पाहिलं आणि बाबांना कागद घेऊन बसवलं. समोरासमोर सांगायची माझी छाती नव्हती. आता लक्ष्मीकांताने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, तेव्हा ऐकलं नाही म्हणता येणार नाही. मला वाचता येत नाही, त्याने ओळी गाळल्या तर कसं कळायचं? म्हणून पाकीट बंद करण्याआधी पत्र तुझी आई मोठ्याने वाचून दाखवणार आहे, त्याच्यासमोर. मी तिथेच बसणार. किल्लीचं काय ते मग ती ठरवील.

तू फणसपोळी पाठव, जाड, वर्खाबिर्खाची नको. पुडक्यावर नाव रमाचंच घाल. तिने दिली तर मी खाईन.

तुझीच,
आजी