आत्याचं मंगळसूत्र आणि आमची टॉर्च

३ फेब्रुवारी
नुसता घोळ! शिरवण्याच्या शिबिरात आज जिच्या जिच्यावर यंत्र धरलं तिच्या तिच्या छातीत काळा डाग. अख्ख्या गावाला एकदम कॅन्सर होईल का? केतन—आमचं सॉफ्टवेअर बघणारा—म्हणे, "स्नेहल, यंत्राला वेड लागलंय!" खारघरच्या लॅबमध्ये शहाण्यासारखं चालत होतं की! एवढंसं, हातात मावणारं. ना सुई, ना दुखणं—नुसता उजेड सोडायचा. स्तनातल्या गाठीपाशी तो शोषला जातो, पडद्यावर डाग दिसतो. बस. शुक्रवारी आमचे प्रकल्पप्रमुख सर निकाल बघणार. असलेच दिसले तर प्रकल्पाला टाळं! जाम टेन्शन.

४ फेब्रुवारी
मंगळसूत्र!!! बाजूला घ्या म्हटलं की बायका ते काखेकडे सारतात—काळे मणी बरोब्बर यंत्राखाली. लॅबमध्ये तपासलेल्या मुली आधीच काढून यायच्या, म्हणून तिथे कळलंच नाही. आणि मी शिरवण्याचीच पोर! माझी आई अंघोळीलासुद्धा काढत नाही. हे मला सुचू नये?

५ फेब्रुवारी
"जरा काढून ठेवा ना." एकही काढेना. पुढारी अर्थातच पुतळाआत्या, बाबांची बहीण. तिनेच घरोघरी जाऊन बायका जमवल्या, आणि आता तीच अडून बसली! "मी नाय कारनार. नवरा जित्ता हाय माजा!" चिडले मी. तीही चिडली. चहा झाला. मग तिनेच मंगळसूत्र वर उचललं आणि कपाळावर बसवलं—मुंडावळ्यांसारखं! "कारला बी नाय, मदी बी येत नाय. चल, लाव तुजी टॉर्च." हसून हसून पोट दुखलं. केतन बाहेरून ओरडतोय, काय झालं, काय झालं?

७ फेब्रुवारी
सर खूश! प्रकल्प चालू राहणार!! सगळ्या बायका कपाळाला मंगळसूत्र लावून नवऱ्या मुलींसारख्या रांगेत. सगळ्यांचे डाग गेले. आत्याचा तेवढा राहिला, डावीकडे. एखादा मणी अडकला असणार. तरी सोनोग्राफीला पाठवलंय, नियम म्हणजे नियम. शिव्या देत गेली.

१४ फेब्रुवारी
मणी नव्हता. गाठ आहे, कॅन्सरचीच. हाताला लागतही नाही एवढी बारीक. डॉक्टर म्हणाल्या, अगदी वेळेत सापडली, ऑपरेशन करू, बऱ्या होतील. तरी मी ढसाढसा रडले. "ररतेस कशाला गो? टॉर्च चालते ना तुजी!" आत्या म्हणाली.
मग कोणी न सांगता तिने ऑपरेशनपुरतं मंगळसूत्र काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.